देहाची जामिनकी

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी, अशी ही जोडवस्ती. 1866 साली दोहोंची मिळून एक नगरपालिका स्थापन झाली, आणि तेव्हापासून सरकारी दप्तरात या दोन गावांची नावे बहुधा एकत्रच लिहिली गेली. परंतु त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, रेवदंड्याच्या मुखातून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत येत असताना, रायगडाकडे निघालेल्या प्रवाशाचा जलमार्ग जेथे संपे आणि खुष्कीची वाट सुरू होई, ते बंदर अष्टमीचे होते. 1674 साली छत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमारास तहाच्या वाटाघाटीसाठी आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच मार्गाने अष्टमीस उतरला आणि पुढे निजामपुरावरून रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडास पोहोचला.

या वकिलातीच्या वृत्तांतात आहाराविषयीचा एक प्रसंग आहे. गडावरील लोकांचे नित्याचे अन्न म्हणजे लोण्यात शिजवलेली डाळतांदळाची खिचडी; इंग्रज मंडळींना तेवढ्याने समाधान होईना, म्हणून त्यांना बोकडाचे मांस पुरविण्याची तजवीज झाली. ते पुरविणारा खाटीक वयाने बराच वृद्ध होता. एवढे मांस इतक्या थोड्या दिवसांत फस्त करणारी ही माणसे आहेत तरी कशी, हे डोळ्यांनी पाहावे, म्हणून तो केवळ कुतूहलापोटी गड चढून वर आला. वृत्तांत लिहिणाऱ्यास त्याच्या कुतूहलाचे नवल वाटले. मला त्या वृद्धाची चढण अधिक बोलकी वाटते. ज्यांनी रायगडाची वाट पायांनी तुडविली आहे, त्यांना त्या चढणीचा अर्थ निराळा सांगावयास नको.

त्या काळच्या अष्टमीत शरीर कसावे असा उपदेश कोणी कोणास करीत असेल, असे संभवत नाही. गलबताचे शीड ओढणारा खलाशी, बंदरावर भाताची पोती वाहणारा हमाल, चिखलणी आणि लावणी करणारे कुणबी कुटुंब, पेणकडच्या मिठागरांत उन्हात राबणारा आगरी, आणि पहाटे जात्यावर व उखळाशी आपला दिवस सुरू करणारी स्त्री, यांच्या आयुष्यात व्यायाम ही वेगळी गोष्टच नव्हती. म्हणून ती सारी माणसे निरोगी होती, असे मात्र मानता कामा नये; हिवतापाने, अर्धपोटी राहण्याने आणि अकाली वाकलेल्या पाठीने त्या श्रमांचे मोल त्यांच्याकडून पुरेपूर वसूल केले. श्रम आणि आरोग्य यांना एकच समजणे ही सुखवस्तू लेखणीची चूक आहे, आणि गतकाळाविषयी लिहिताना ती फार सहज घडते.

देहाची जाणीवपूर्वक मशागत करणारा वर्ग होता तो शिपाईपेशाचा. त्याच्यासाठी तालीम होती, दांडपट्टा आणि फरीगदगा होता, आणि त्याचा खुराक सरदार किंवा दरबार पुरवीत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबविद्येस नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. 1818 साली पेशवाई बुडाली. सरंजाम गेले, तनखे आटले, हत्यार धरणाऱ्या हातांस नांगराखेरीज काम उरले नाही. ज्या प्रयोजनासाठी शरीर घडवायचे ते प्रयोजनच नाहीसे झाले, आणि येथे आपल्या विषयाचा खरा आरंभ होतो: राजा सांगत नाही, पोटाचा धंदा मागत नाही, तरी मनुष्याने पहाटे उठून घाम का गाळावा?

या प्रश्नाचे उत्तर ज्याने स्वतःपुरते शोधले, त्याचे सर्वपरिचित उदाहरण कोकणातच जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे आहे. प्रकृतीने अशक्त असलेल्या या तरुणाने डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष, अभ्यास मागे पडेल हे ठाऊक असूनही, व्यायामास आणि पोहण्यास दिले. पुढे मंडालेचा कारावास सोसणाऱ्या कायेचा पाया त्या वर्षी घातला गेला, हे चरित्रकारांनी वारंवार सांगितले आहे. परंतु टिळकांचा निश्चय किती जणांपाशी असतो? सामान्य माणसाचा संकल्प माघातल्या थंडीत पहाटे पाच वाजता ढळतो, आणि त्या ढळत्या संकल्पाला कोणीतरी जामीन लागतो. ती जामिनकी महाराष्ट्रात तालमीने पत्करली.

तालमीची रचना पाहिली म्हणजे तिच्या कर्त्यांस मनुष्यस्वभावाचे केवढे ज्ञान होते, याची प्रतीती येते. दाराशी मारुती, आत तेल, ताक आणि हळद घालून मळलेल्या लाल मातीचा हौदा, आणि एका बाजूस वस्ताद, ज्याची नजर आलेल्यांहून न आलेल्यांकडे अधिक असे. जोर आणि बैठका प्रत्येकाने स्वतःच मारावयाच्या, त्यात दुसऱ्याचे साहाय्य नाही. पण शेजारच्याची संख्या कानांवर पडत असता आपली मध्येच सोडणे अवघड, आणि एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी जोडीदारास उत्तर देणे त्याहून अवघड. कष्ट एकट्याचे आणि लाज चौघांची, अशी ही व्यवस्था होती. तीत उणिवाही होत्या, आणि त्या लहान नव्हत्या: स्त्रियांस तेथे प्रवेश नव्हता, आणि जातीची उंबरठ्याबाहेरील बंधने आत आल्यावर सर्वत्र गळून पडत, असेही नव्हे.

विसाव्या शतकात या जुन्या तालमीतून संस्था उभ्या राहिल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचे. 1936 साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तेथे करून दाखविले, आणि त्यांत हुतूतूही होता. कुलाबा जिल्ह्यातील पोरे हाच हुतूतू भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत खेळत असत. त्यास साहित्य काहीच लागत नाही, मात्र गडी लागतात. एकट्याने हुतूतू खेळता येत नाही.

एकट्याचा व्यायाम सांगितला तो औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. 1897 साली त्यांनी व्यायामपटू सँडोची उपकरणे आणवून त्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला, आणि नंतर सूर्यनमस्कारांचा अंगीकार करून तो मृत्यूपर्यंत चालविला. 1938 साली त्यांच्या पद्धतीचे पुस्तक इंग्लंडात प्रसिद्ध झाले. अंथरुणाएवढी जागा आणि काही मिनिटांचा वेळ एवढ्याच भांडवलावर हा व्यायाम होत असल्यामुळे जागा नाही, पैसा नाही, सोबत नाही, या साऱ्या सबबी एकाच फटक्याने निकालात निघाल्या, आणि देहाची जबाबदारी प्रथमच निखालसपणे ज्याची त्याच्या पदरात पडली. तरीसुद्धा औंधच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे करावे लागले. याच राजाने 1939 साली गांधींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिली. राज्यकारभार लोकांच्या हाती विश्वासाने सोपविणाऱ्याला नमस्कार मात्र हुकमाने घालून घ्यावे लागले, यावरून दोहोंपैकी कोणते स्वराज्य कठीण, ते कळते.

हुकमावाचून ही गोष्ट साधण्याचा एक मार्ग रोह्यात 1920 साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी दाखविला. त्यांनी व्यायामशाळा काढली नाही. उठताना, जेवताना आणि निजताना अंतर्यामीच्या ईश्वराचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे, ही त्रिकाळसंध्या त्यांनी सांगितली. उठणे, खाणे आणि झोपणे हेच आरोग्याचेही तीन खांब होत. ज्या देहात ईश्वर वसतो असे मानले, त्याची हेळसांड करण्यास मन सहसा धजत नाही. आणि त्यांच्या स्वाध्याय परिवारातले लोक एकमेकांच्या घरी जाऊन भेटत राहिल्याने हा नेमही एकट्यावर सोडलेला नव्हता.

आता रोह्याशेजारी धाटावची औद्योगिक वसाहत आहे, आणि ज्यांचे आजे भाताची पोती वाहत, त्यांची नातवंडे रात्रपाळीस जातात. पाळीच्या माणसास पहाट नेमकी कोणती, हे आठवड्यागणिक बदलते. त्याला निश्चयाचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतील. त्याला हवी आहे ती त्याच्या पाळीच्या वेळी उघडी असणारी तालीम, आणि तो आला नाही तर त्याची चौकशी करणारा एक वस्ताद.