विळ्यापासून नायलॉनच्या दोऱ्यापर्यंत

गवत कापण्याच्या हत्यारांचा इतिहास हा एका अर्थानें धोक्याच्या प्रवासाचा इतिहास आहे. विळ्याचें पातें डोळ्यांना दिसे, आणि ज्याच्या हातीं विळा त्याच्याच बोटांना भय असे. यंत्रें आल्यावर हें नातें बदलूं लागलें; नायलॉनच्या दोऱ्यानें तर तें पार पालटून टाकलें.

इंग्लंडमधील धनिकांच्या वाड्यांभोंवतीं अठराव्या शतकांत विस्तीर्ण हिरवळी तयार झाल्या. त्या राखण्यासाठीं लांब दांड्याचे विळे घेऊन मजूर, गवत दंवानें ओलें असतांना, कापीत जात. ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउडजवळ थ्रप येथें एडविन बडिंग नांवाचा यंत्रकार होता. तो भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. कापडावरील लव कातरणारें फिरत्या पात्यांचें यंत्र गवतावर चालवावें, असें त्याच्या मनांत आलें आणि १८३० सालीं त्यानें त्याचें पेटंट घेतलें. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेंत त्याचें एक यंत्र लवकरच कामास लागलें. सपाट हिरवळीचा प्रश्न सुटला. परंतु झाडाचें खोड, भिंतीचा पाया, कुंपणाची कड येथें तें यंत्र पोहोंचेना. तेथें माळ्याला पूर्वींप्रमाणें गुडघे टेकून विळा किंवा कात्रीच चालवावी लागे.

या अडचणीवर खरा तोडगा निघाला तो अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत, ह्यूस्टन शहरीं. १९७१ सालीं जॉर्ज बॅलस यानें मोटारी धुण्याच्या यंत्रांत पाहिलें कीं, वेगानें फिरणारे नायलॉनचे केस ताठ होऊन प्रत्येक सांदींत शिरतात, पण रंगावर ओरखडा उठवीत नाहींत. त्यानें मक्याच्या लाह्यांच्या रिकाम्या डब्याला भोंकें पाडलीं, त्यांतून मासे धरण्याच्या गळाची दोरी ओंवली आणि तो डबा हिरवळीची कड कापणाऱ्या यंत्राला बसविला. गवत तुटूं लागलें. इतर कंपन्यांनीं नाकारलेली ही कल्पना त्यानें स्वतःच बाजारांत आणली. १९७७ सालीं त्याचा धंदा इमर्सन इलेक्ट्रिक कंपनीनें विकत घेतला.

दोरा मऊ दिसतो, हीच त्याची फसवणूक. त्याचें वर्तुळ ४० सेंटिमीटर व्यासाचें असून मिनिटाला ६,००० फेरे होत असतील, तर दोऱ्याचें टोंक ताशीं सुमारें ४५० किलोमीटर वेगानें धांवतें. दगडावर आपटून दोरा झिजतो, तुटतो. पण तेवढ्यांत खडा उडालेला असतो, आणि तो कोणाच्या डोळ्यांत जाईल हें कापणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. विळ्याचें भय धन्यापुरतें होतें. येथें तें वाटेनें जाणाऱ्या मुलापर्यंत पोहोंचतें.

दोरा वारंवार बदलावा लागतो, म्हणून त्याच्या जागीं लोखंडी सांखळी बसविण्याचा मोह अनेकांना झाला. अशा साधनानें जीवघेणा अपघात घडल्यावर युरोपीय आयोगानें २०१२ सालीं धातूचे अनेक भाग एकमेकांस जोडून केलेल्या या साधनांची विक्री बंद केली. आपटल्यावर दोऱ्यानें हार मानावी, हेंच बॅलसच्या युक्तींतील शहाणपण होतें. सांखळीची कडी हार मानीत नाहीं. ती सुटून गोळीसारखी जाते.

आज कोंकणांतील आंबा-काजूच्या बागांतही या जातीचें यंत्र ब्रश कटर या नांवानें फिरतें. त्याचे नियम या इतिहासांतूनच निघतात. आधीं जमिनीवरील खडे, काचा, तारा वेंचाव्या. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, अंगांत लांब विजार, पायांत भक्कम बूट असावे. माणसें व जनावरें निदान १५ मीटर दूर ठेवावीं; कोणी जवळ आल्यास यंत्र थांबवावें. गुंतलेलें गवत काढण्यापूर्वीं इंजिन बंद करावें; विजेचें यंत्र असल्यास तार किंवा बॅटरी काढून घ्यावी. झाडाच्या बुंध्याला दोरा लागूं देऊं नये. चोहोंबाजूंनीं साल सोललेलें कोंवळें झाड वाळून जातें. आणि दोऱ्यामागील आडोसा अडचणीचा वाटला तरी काढूं नये. विळ्याचें पातें स्वतःच सावध करीत असे. न दिसणाऱ्या पात्याच्या बाबतींत तें काम माणसालाच करावें लागतें.