अवधानाची चाळणी

अच्छाडसारख्या गुजरातच्या वेशीवरच्या गावात पहिलीतलं एखादं मूल सारखी उठबस करतं, पाटीवर चार अक्षरंही सलग काढत नाही. "लक्षच नाही याचं," असं आपण म्हणून टाकतो. पण घरी वारली बोलणाऱ्या त्या मुलाला पुस्तकातली मराठी कळली नाही, की त्याचं अवधानच टिकत नाही? असाच घोटाळा लष्करभरतीतही झालेला आहे.

१९०२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी शाबूत असूनही ताब्यात न राहणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली. दोष मात्र त्यांनी 'नैतिक नियंत्रणा'त पाहिला! 'अवधान-न्यूनता' हे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत आलं ते १९८० साली.

मधल्या काळात, १९१७ मध्ये, अमेरिका महायुद्धात उतरली. रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली सुमारे साडेसतरा लाख जवानांच्या बुद्धिचाचण्या झाल्या. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची चाचणी होती. चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं: टेनिसच्या मैदानावरची जाळी, फोनोग्राफचा कर्णा. ज्याने आयुष्यात फोनोग्राफच पाहिला नाही, त्याने काय करावं? निष्कर्ष निघाला, जवानांचं सरासरी मानसिक वय तेरा! अमेरिकेत जास्त वर्षं राहिलेल्या परदेशी जवानांना गुण जास्त पडत होते, म्हणजे मोजली जात होती ती मुख्यतः ओळख. तरीही त्यातून 'हलक्या वंशां'चे सिद्धांत रचले गेले.

आपल्याकडची चाळणी आणखी सरळ होती. 'लढवय्या जातीं'च्या सिद्धांतापायी महारांची भरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. १९१७ मध्ये माणसं कमी पडताच १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. महार रेजिमेंट आली ती १९४१ साली. पात्रता माणसात नव्हे, गरजेत बदलत होती.

अवधान-न्यूनतेचा नियम याहून शास्त्रीय आहे, पण पेचातून सुटलेला नाही. अमेरिकी लष्कराच्या २०१८ च्या नियमांत, आधीच्या चोवीस महिन्यांत त्यासाठी औषध लिहून दिलेलं असणं किंवा चौदाव्या वर्षानंतर शाळेत खास मदतीची शिफारस झालेली असणं, ही अपात्रतेची कारणं होती. म्हणजे ज्याची अडचण कुणी ओळखलीच नाही, त्याच्या कागदावर काहीच नाही. जो मदत घेऊन सावरला, त्याची मात्र नोंद आहे.

अच्छाडच्या त्या मुलाच्या नावावर अजून कसलीच नोंद नाही. तोच प्रश्न त्याला आधी वारलीत विचारून पाहावा, कान-डोळे तपासून घ्यावेत. त्यानंतरही घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिने तेच दिसत राहिलं, तर मग डॉक्टरांकडे.