नवी गाडी नोंदविताना : शहापूर-मुरबाडच्या ग्राहकांसाठी

एखाद्या कंपनीने नव्या गाडीची घोषणा केली, की तिचे छायाचित्र मुंबईत आणि मुरबाडमध्ये एकाच क्षणी पोहोचते. गाडी मात्र तशी पोहोचत नाही. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही आणि शहापूर तालुक्यातील गावांना आसनगाव, आटगाव वा खर्डी स्थानक गाठण्यासाठीही रस्त्यावरचेच वाहन लागते. त्यामुळे येथे दुचाकी किंवा पिकअप ही हौस कमी आणि गरज अधिक. चारचाकींचे मोठे विक्रेते मात्र कल्याण, भिवंडी, ठाणे किंवा नाशिक येथे असतात. साहजिकच बुकिंगचे पैसे अनेकदा तालुक्याच्या ठिकाणी, ओळखीच्या माणसाच्या हाती दिले जातात. पुढे वाद उद्भवला, तर त्याचे मूळ पुष्कळदा याच व्यवहारात सापडते.

गाडीसाठी रांग लावणे आपल्याला नवे नाही. १९८३ साली मारुती-८०० साठी १० हजार रुपये भरून सुमारे १ लाख ३५ हजार जणांनी नावे नोंदविली. पहिली गाडी त्याच वर्षी १४ डिसेंबरला ग्राहकाच्या हाती पडली. एप्रिल २००९ मध्ये टाटा नॅनोसाठी २ लाखांहून अधिक अर्ज आले आणि पहिल्या १ लाख गाड्यांचे मानकरी संगणकीय सोडतीने ठरले. नॅनोच्या बुकिंगची रक्कम जवळजवळ गाडीच्या किमतीइतकीच असल्याने अनेकांनी ती कर्ज काढून भरली होती. अलीकडे रक्कम घटली, झुंबड वाढली. ३० जुलै २०२२ रोजी महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एन या गाडीची अवघ्या अर्ध्या तासात १ लाख बुकिंग झाली, प्रत्येकी २१ हजार रुपये भरून. गाडी चाकणला तयार होत असली, तरी काही प्रकारांसाठी प्रतीक्षा वर्षाच्या पुढे गेली.

बुकिंगची रक्कम भरल्याने ग्राहकाला काय मिळते? बहुधा फक्त रांगेतील जागा. किमतीची हमी त्यात नसते. अर्जामागील बारीक अक्षरांत ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असे वाक्य असतेच. स्कॉर्पिओ-एनची प्रारंभिक किंमत पहिल्या २५ हजार बुकिंगपुरतीच होती. म्हणूनच आपला क्रमांक त्या संख्येच्या आत आहे की बाहेर, हे लेखी विचारून घ्यावे. अर्थात, हा नियम कधी ग्राहकाच्या पथ्यावरही पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांचे बिल आणि गाडी दोन्ही त्यानंतर आले, त्यांना बुकिंग आधीचे असूनही कमी दर मिळाला.

आता तालुक्याच्या दुकानाविषयी. असे दुकान बहुधा मुख्य विक्रेत्याचे पोटविक्रेते असते. काही वेळा तर केवळ मध्यस्थ. पावतीवर कोणाचे नाव व जीएसटी क्रमांक आहे, हे पाहावे. रक्कम मुख्य विक्रेत्याच्या बँक खात्यातच भरावी, मोबाइलवरून पाठविताना समोर येणारे नाव एखाद्या व्यक्तीचे असेल तर थांबावे. गाडीचा प्रकार, रंग, इंधन, अपेक्षित डिलिव्हरी आणि बुकिंग रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम, एवढे पावतीवर किंवा अर्जाच्या प्रतीवर आलेच पाहिजे. जमिनीचा मोबदला वा भाताचे पैसे हाती असले म्हणून रोखीचा आग्रहही धरू नये. एका व्यवहारात २ लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे; त्यापुढची रोख घेऊन पावती ‘नंतर’ देऊ म्हणणारा विक्रेता आपली सोय पाहत नसतो.

‘काही झाले तरी कंपनी मोठी आहे, ती बघून घेईल,’ हा समज मात्र खरा नव्हे. गोव्यातील एका ग्राहकाला विक्रेत्याने २०११ ची म्हणून २००९ साली तयार झालेली टाटा इंडिगो विकली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. विक्रेत्याच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाले नसल्याने, त्याबद्दल कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय १८ फेब्रुवारी २०२१ रोजी लागला. जबाबदारी उरली ती विक्रेत्याची. कंपनी आणि विक्रेता यांचे नाते मालक-नोकराचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असते. ग्राहकाचा करारही प्रामुख्याने विक्रेत्याशीच होतो.

कोटेशन हाती आले, की प्रत्येक ओळीचा अर्थ विचारावा. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, आरटीओ शुल्क आणि विमा हे खर्च समजण्यासारखे आहेत. ‘हाताळणी’ किंवा ‘लॉजिस्टिक’ या नावाखाली येणारी रक्कम कशाची, हे विचारण्याचा आणि ती नाकारण्याचा संकोच बाळगू नये. नव्या मोटारीसाठी तीन आणि दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. पण तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विक्रेत्याला तसा आग्रह धरता येत नाही. मागणी असलेल्या गाडीसोबत अ‍ॅक्सेसरीजचा संच गळ्यात मारणे हीदेखील जुनीच रीत आहे. कर्ज मंजूर करून ठेवावे, परंतु चासी क्रमांक मिळेपर्यंत बँकेला रक्कम विक्रेत्याकडे वळती करू देऊ नये. अन्यथा गाडी येण्याआधीच हप्ता सुरू होतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून शहापूरकरांना नाशिक अधिक जवळचे झाले आहे. तेथे गाडी घ्यायची असल्यास नोंदणी कोणत्या आरटीओत होणार, ती कोण करून देणार आणि त्याचा खर्च किती, हे बुकिंगआधीच ठरवावे.

दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त साधायचा असल्यास पैसे भरणे व कागदपत्रे यांची कामे चार दिवस आधी उरकावीत. तात्पुरती वा कायम नोंदणी झाल्याविना गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४२ मनाई करतो. हार घातलेली गाडी विनाक्रमांक माळशेजच्या रस्त्यावर नेण्यात कसला मुहूर्त? पैसे पूर्ण भरण्यापूर्वी गाडी दिवसाउजेडी पाहावी, चासी क्रमांक बिलाशी ताडावा आणि विक्री प्रमाणपत्रावरील, म्हणजे फॉर्म २१ वरील, उत्पादनाचा महिना व वर्ष वाचावे. गोव्यातील त्या ग्राहकाचा वाद नेमका उत्पादनाच्या वर्षाचाच होता.

रक्कम अडकली, तर प्रथम विक्रेत्याला लेखी पत्र द्यावे, प्रत कंपनीच्या ग्राहक कक्षाला पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. म्हणजे नाशिकच्या विक्रेत्याविरुद्धही मुरबाडच्या ग्राहकाला ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तक्रारीसोबत बुकिंगची पावती, कोटेशन आणि बँकेचा उतारा जोडावा लागतो. बुकिंग रद्द करताना मूळ पावती परत मागितली गेल्यास तिची छायाप्रत आधी काढून ठेवावी.