सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तिथे महिलांची सभा भरली. विषय होता पोरांच्या हातातला मोबाइल. सरपंच विजय मोहिते यांनी ही गोष्ट आधी काढली तेव्हा पुरुषांनी ती हसण्यावारी नेली होती. बायकांनी मात्र मोकळेपणाने कबूल केलं की, आपणही मालिकांत आणि मोबाइलमध्ये गुरफटलो आहोत. मग ठरलं: रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजेल, घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद होतील आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत बंदच राहतील.

ठराव करून गाव थांबलं नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले आणि लोकांना समजावत राहिले.

भोंगा महाराष्ट्राला नवा नाही. गिरणगावात कामगारांच्या पाळ्या त्याच्यावर चालत, साखर कारखान्यांच्या पंचक्रोशीत आजही लोक त्यावरून वेळ ओळखतात. वडगावात मात्र तो घरातल्या सगळ्यांसाठी वाजू लागला, आणि या प्रयोगाचं खरं मोल त्यातच आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. काळजी तीच होती, पण तिथे बंधन मुलांपुरतं होतं. वडगावात आईबापांनीही हातातला फोन खाली ठेवला. नववी-दहावीतल्या मुलामुलींना अशा समान वागणुकीचा अर्थ फार लवकर कळतो.

या गावांवर ही वेळ कशी आली, ते पाहायला २०२२ पासून दोनच वर्षं मागे जावं लागतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि कालपर्यंत दप्तरात सापडला तर जप्त होणारा फोन हाच वर्ग झाला. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं. २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेलं. फोन घरात आला, पण तो कसा वापरायचा, कुणाला काय पाठवायचं नाही, कुणी त्रास दिला तर काय करायचं, हे शिकवणारं घरात बहुतेक वेळा कुणी नव्हतं.

शिकवण्याचं साहित्य नव्हतं असं नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१८ मध्येच किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षेची पुस्तिका काढली होती. कायदाही जुनाच. २००४ मध्ये दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची खासगी चित्रफीत मोबाइलवरून पसरली, एका संकेतस्थळावर विक्रीलाही आली आणि देश हादरला. पुढे २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात दोन कलमं आली. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचं छायाचित्र काढणं किंवा पसरवणं ‘६६ ई’खाली गुन्हा ठरलं, मुलांचं अश्लील चित्रण ‘६७ बी’खाली. २०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला. पण कलमं आणि पुस्तिका गावातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचल्या नाहीत. तिथवर आशाताईच पोहोचू शकते, हे वडगावने दाखवलं.

दीड तासाच्या शांततेने अभ्यासाची वेळ परत मिळते, बोलण्यातली सभ्यता मात्र वेगळी कमवावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं सौंदाळा गाव या बाबतीत एक पाऊल पुढे गेलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या ग्रामसभेने आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. शिवाय संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही, असंही ठरवलं. हे दोन्ही निर्णय एका गावाने मिळून घ्यावेत, ही विलक्षण समज आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलीच्या फोटोखाली जी भाषा उमटते, ती मुलांनी आधी पारावर, एसटी स्टँडवर, घरात ऐकलेली असते.

तरी साडेआठनंतरचा प्रश्न राहतोच. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांची पाहणी आहे. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच एखाद्याला ब्लॉक करणं, आपलं खातं खासगी ठेवणं अशा गोष्टी ठाऊक होत्या. कुणी फोटोची छेडछाड करून धमकावलं, तर मुलगी सहसा गप्प बसते. सांगितलं की आधी आपलाच फोन काढून घेतील, ही तिची भीती खरी असते. म्हणून घरोघर फिरणाऱ्या त्या सेविकांनी पुढच्या फेरीत आणखी थोडं सांगायला हवं: मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० हा क्रमांक लावायचा, केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही नोंदवता येते, आणि पोक्सोच्या २३व्या कलमानुसार पीडित मुलाची ओळख माध्यमांना छापता येत नाही.