चाकांवरची होडी

जून १९६७. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात बीव्हर लेक नावाचा जलाशय नुकताच भरला होता, आणि त्याच्या काठी १०६ जण मासे धरायला जमले होते. माणशी शंभर डॉलर प्रवेश फी. बोलावणं धाडणारा रे स्कॉट हा अलाबामातल्या मंटगमरीचा विमा एजंट. काही महिन्यांपूर्वी मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये पावसानं त्याचा मासेमारीचा बेत बुडवला होता. मोटेलच्या खोलीत टीव्हीवर खेळ बघत पडलेला असताना त्याच्या डोक्यात आलं, की बाकीच्या खेळांसारख्या गळाच्या मासेमारीच्याही स्पर्धा का भरवू नयेत? बीव्हर लेकवर नॅशव्हिलचा स्टॅन स्लोन पहिला आला. बक्षीस दोन हजार डॉलर आणि मेक्सिकोतल्या अकापुल्कोची सहल.

पुढच्याच वर्षी स्कॉटनं बास मासेमारांची संघटना काढली, मासिक सुरू केलं आणि बघता बघता एका हौसेचा धंदा झाला. ही गोष्ट अमेरिकेत आवडीनं सांगितली जाते. तिच्यात मासा असतो, होडी असते, स्कॉटची काउबॉय टोपी असते. गाडीच्या मागं जोडलेला दोन चाकांचा लोखंडी सांगाडा मात्र तिच्यात फारसा येत नाही. तो नसता तर बाकीचं सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं.

मासा आधी. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मोठ्या जबड्याचा शिकारी. बुडालेल्या ओंडक्याआड, पाणवनस्पतींच्या सावलीत दबा धरतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झेपावतो. इंग्लंडहून आलेल्या रीतीत मान होता तो ट्राउटला, आणि ट्राउट म्हणजे खळाळती नदी, हलकी काठी, फावल्या वेळेची श्रीमंती. बास दक्षिणेतल्या कोमट, संथ पाण्यात राहणारा, म्हणून गावंढळ ठरलेला. जेम्स हेन्शल नावाच्या डॉक्टरनं १८८१ साली ब्लॅक बासवर एक आख्खं पुस्तक लिहून त्याची वकिली केली. तरी पुढची पन्नासएक वर्षं बास धरणं म्हणजे गावच्या तळ्यावर किंवा ओढ्याकाठी जाऊन बसणं, एवढाच त्याचा अर्थ राहिला.

सरंजाम मात्र सुधारत होता, आणि त्यात घड्याळजींचा हात मोठा होता. केंटकीतल्या पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. त्यानं १८२० च्या सुमारास दातेरी चाकं बसवून असं रीळ बनवलं, की हातानं मूठ एकदा फिरवली तर दोरीचं चाक अनेक वेळा फिरे. बास ओढून घ्यायला हे फार सोयीचं. अडचण एकच. आमिष फेकताना चाक दोरीपेक्षा वेगानं फिरलं, की दोरीचा असा काही गुंता होई की निम्मी सकाळ तो सोडवण्यात जाई. अंगठ्यानं चाक आवरण्याची कला अंगी यायला वर्षं लागत.

या गुंत्यावर तोड काढली तीही एका घड्याळजीनंच, सव्वाशे वर्षांनी. टेक्ससचा आर. डी. हल १९४७ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’च्या दारात उभा राहिला. ही कंपनी तेलविहिरींत वापरायचे, ठरावीक वेळी फुटणारे बॉम्ब बनवी, आणि तो धंदा आता उताराला लागणार होता. हलनं वाण्याच्या दुकानात पुडा बांधणाऱ्याला रिळातून सुतळी ओढताना पाहिलं होतं: रीळ जागचं हलत नव्हतं, सुतळी त्याच्या टोकावरून सुटत होती. चाक फिरणारच नसेल तर गुंता होईलच कसा? त्यानं झाकणबंद रीळ बनवलं. १९५४ साली आलेलं ‘झेबको ३३’ पोरासोरांनाही वापरता येई. बटण दाबायचं, काठी झटकायची, बोट सोडायचं. आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्यासाठी पाठवलेल्या रिळाच्या खोक्यावर कंपनीचं पूर्ण नाव वाचून रक्षकांनी ते खोकं पाण्यात बुडवलं, अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, कंपनीनं पुढं नाव आखडून ‘झेबको’ केलं ते शहाणपणाचंच झालं.

रीळ सुधारलं, तसं पाणीही बदललं. १९३३ साली टेनेसी खोऱ्यासाठी सरकारी प्राधिकरण स्थापन झालं आणि दक्षिणेत धरणांची रांग लागली. १९३६ साली पुऱ्या झालेल्या नॉरिस धरणासाठी तीनेक हजार कुटुंबं उठवली गेली. कोयना आणि उजनी पाहिलेल्या मराठी वाचकाला याहून जास्त सांगायला नको. अर्कान्सात बुल शोल्स धरणाचं लोकार्पण १९५२ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी केलं, बीव्हर धरण १९६६ मध्ये उरकलं. नव्या जलाशयात पहिली काही वर्षं माशांची चंगळ असते, कारण बुडालेली कुरणं, झुडपं, झाडं कुजू लागतात आणि त्यांवर जगणाऱ्या बारीक जिवांपासून वरची सगळी अन्नसाखळी फोफावते. शिवाय बासला हवा तसा आडोसा जागोजागी. स्कॉटनं पहिल्या स्पर्धेसाठी नवंकोरं बीव्हर लेक निवडलं ते उगीच नव्हे.

पण हे पाणी ओढ्यासारखं नव्हतं. काठ शेकडो मैलांचे, मासे मधल्या बुडालेल्या नदीपात्राच्या कडेला. होडीशिवाय तिथं जाणं नाही. पूर्वी धक्क्यावर लाकडी वल्ह्याची होडी भाड्यानं मिळे आणि सोबत एखादा माहीतगार स्थानिक. ओले एव्हिनरूड या नॉर्वेहून आलेल्या मिलवॉकीकरानं १९०९ मध्ये होडीमागं अडकवायची मोटर विकायला काढली होती: वजन ६२ पौंड, ताकद जेमतेम दीड हॉर्सपॉवर. ती काखोटीला मारून माणूस तळ्यावर जाई, होडी तिथलीच घेई. म्हणजे मोटर फिरती आणि होडी जागेवर. दुसऱ्या महायुद्धानंतर हे उलटलं. फायबरग्लासमुळं होडी हलकी झाली, लाकडासारखी सुकून तडकायची किंवा गळायची भीती गेली. कारखाना कामगाराच्या दारातही ताकदीची गाडी आली. १९५६ च्या कायद्यानं देशभर आंतरराज्य महामार्ग बांधायला घेतले. आणि जलाशय सांभाळणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या खात्यानं काठाकाठानं काँक्रीटचे उतार बांधले, ज्यावरून ट्रेलर उलटा पाण्यात घालायचा आणि होडी तरंगवायची. होडी आता घरी, गॅरेजमध्ये राहू लागली. या शनिवारी एक तळं, पुढच्या शनिवारी तीनशे मैलांवरचं दुसरं.

लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या होम्स थरमंडनं १९४८ मध्ये खास बाससाठी चिंचोळ्या नाकाची, बसक्या बांध्याची होडी बनवली आणि तिला डासाचं गावरान नाव दिलं, स्कीटर. अर्कान्सातल्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वुड हा व्हाइट नदीवर गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणारा वाटाड्या. त्यानं १९६८ मध्ये एका पेट्रोल पंपामागच्या जागेत पत्नी नीनासोबत होड्या बनवायला घेतल्या. पहिल्या वर्षी सहा. दुसऱ्या वर्षी सहाशे. हीच ‘रेंजर’. १९७१ मध्ये कारखाना जळाला, तरी उत्पादन लवकरच पुन्हा सुरू झालं, कारण स्कॉटच्या स्पर्धांनी गिऱ्हाइकांना तहान लावून ठेवली होती.

पाण्याखालचं दिसू लागलं तेही याच सुमाराला. मिसूरीतल्या जॉप्लिनचा कार्ल लोरेन्स आणि त्याच्या मुलांनी पाणबुड्यांचे पोशाख घालून तळी धुंडाळली. त्यांच्या ध्यानात आलं, की बहुतेक मासे पाण्याच्या अगदी थोड्या भागात असतात आणि बाकीचं पाणी रिकामं. युद्धात ध्वनिलहरींनी पाणबुड्या शोधणारं ‘सोनार’ यंत्र त्यांनी हिरव्या पेटीत बसवलं. गोल तबकडीवर लुकलुकणारा दिवा खोली आणि मासा दाखवी. वाटाड्याचं पोट ज्या माहितीवर चाले ती आता दुकानात विकत मिळू लागली. जुन्या लोकांना ही लबाडी वाटली. आज होडीच्या पुढच्या टोकावर टीव्हीएवढे पडदे लावून हलता मासा बघणाऱ्यांबद्दल तेच बोललं जातं, आणि ते बोलणारे त्या हिरव्या पेटीची आठवण मोठ्या मायेनं काढतात.

स्कॉटला तमाशाची नस पक्की ठाऊक होती. १९७१ मध्ये त्यानं २४ निवडक मासेमारांना विमानात बसवलं आणि कुठं निघालोय ते आकाशात गेल्यावरच सांगितलं: नेव्हाडातलं लेक मीड. दहा हजार डॉलरचं एकमेव बक्षीस अर्कान्साच्या बॉबी मरेला मिळालं. पण स्पर्धेनंतर मेलेल्या बासच्या माळा धरून काढलेले फोटो लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले होते. १९७२ पासून स्कॉटनं मासा जिवंत आणून वजनानंतर सोडायचा नियम आणला, मेलेल्या माशाला दंड लावला. त्यातून होडीत हवा खेळवलेल्या पाण्याची टाकी बसवणं भाग पडलं. माणूस पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी दोरीही त्यानं सक्तीची केली. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी नद्या नासवणाऱ्या कारखान्यांना त्यानं कोर्टात खेचलं, ते १८९९ चा एक जुना कायदा धुंडाळून. धंदेवाईक माणूस होता हे खरं, पण पाणी नासलं तर धंदा बुडतो हे त्याला इतरांआधी कळलं.

होडी मोठी झाली तशी ती वाहणाऱ्या चाकांची फजितीही वाढली. महामार्गावर दोन तास धावलं की चाकाचा हब तापतो. तसाच उतारावरून थंड पाण्यात बुडवला, की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडतात, आणि परतीच्या वाटेवर अंधारात कुठंतरी चाक निखळतं. ही खोड कळायला आणि शहाणी माणसं पाण्यात उतरण्याआधी थोडं थांबू लागायला बरीच चाकं खर्ची पडली. मग हबच्या तोंडावर बसवायची स्प्रिंगवाली टोपी आली. ती आतल्या ग्रीसवर किंचित दाब ठेवते, त्यामुळं पाण्याला शिरायला जागा उरत नाही. जाणता अजूनही प्रवासात थांबला की प्रत्येक हबला हात लावून बघतो. एखादाच हाताला चटका देत असेल तर पुढं जात नाही. खाऱ्या पाण्यावर जाणाऱ्यांनी रंगवलेलं लोखंड सोडून जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा धरला. टायरांचं दुखणं वेगळंच: ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस अंगणात उभा असतो, म्हणून नक्षी झिजण्याआधी रबर उन्हानं चिरतं. त्यामुळं टायर किती मैल धावला यापेक्षा किती वर्षांचा झाला हे बघायचं असतं.

आज सुसज्ज बास बोट म्हणजे वीसएक फूट लांबी, २५० हॉर्सपॉवरची मोटर आणि लाखभर डॉलरचा खर्च. २०२२ मध्ये क्लीव्हलंडजवळ वॉलआय माशांच्या स्पर्धेत दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरल्याचं वजनकाट्यापाशीच उघड झालं. त्यांना शिक्षा झाली, शिवाय सुमारे लाख डॉलरची होडी ट्रेलरसकट जप्त झाली.

ट्रेलरचा दुसरा परिणाम कुणी योजला नव्हता. १९८८ साली लेक सेंट क्लेअरमध्ये युरोपातला झेब्रा शिंपला सापडला. तो जहाजांनी तोल राखायला भरून आणलेल्या पाण्यातून आला होता. त्याचा भाऊबंद क्वागा शिंपला जानेवारी २००७ मध्ये लेक मीडमध्ये आढळला, शेकडो मैलांचं कोरडं वाळवंट ओलांडून. कुणाच्या तरी ट्रेलरवरच्या होडीला चिकटून, किंवा तिच्या तळाशी साचलेल्या पाण्यातून तो आला असावा असं तज्ज्ञ मानतात. ज्या तळ्यावर २४ मासेमार विमानानं नेऊन उतरवले होते तिथं आता शिंपल्यांचे थर नळांत आणि धक्क्यांवर बसले. तेव्हापासून पश्चिमेकडच्या राज्यांत रस्त्यांवर तपासणी नाके आहेत. तिथं होडीचा तळ, टाकी, मोटरचा खालचा भाग साठ अंशांच्या गरम पाण्यानं धुतला जातो. आणि मिनेसोटात होडी रस्त्यावर नेताना तळाचं बूच काढून ठेवलेलं नसेल, तर पोलीस दंड करतात.