पदकावरील मध्य हिंदुस्थान आणि धारचा किल्ला

सैनिकी अधिकाऱ्याची पदके म्हणजे त्याचे चरित्रच, अशी एक समजूत रूढ आहे. ती कितपत खरी आहे, हे पाहण्यास माळव्यातील १८५७ सालच्या हकीकतीसारखे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

त्या वर्षीच्या लढायांबद्दल इंग्रज सरकारने १८५८ साली एक रौप्यपदक मंजूर केले. पदकाच्या एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचे मुख, दुसरीवर सिंहासह ब्रिटानियाची आकृती. फीत पांढरी, तीवर दोन तांबडे पट्टे. विशिष्ट मोहिमांसाठी फितीवर चांदीच्या आडव्या पट्ट्या मिळत. अशा पट्ट्या एकंदर पाच होत्या: एक दिल्लीची, तीन लखनौच्या आणि एक 'मध्य हिंदुस्थान' या नावाची. आमच्या इतिहासाच्या वर्गात या पदकाचे चित्र दाखविले असता एका विद्यार्थ्याने विचारले, "मग धारची लढाई या शेवटच्या पट्टीत येते का?" प्रश्न साधा, पण उत्तर शोधू लागलो तेव्हा ते साधे नाही असे आढळले.

बंगाल तोफखान्याचा कॅप्टन हंगरफर्ड महूच्या छावणीत होता. १ जुलै १८५७ रोजी इंदूरची रेसिडेन्सी उठाववाल्यांच्या हाती गेली आणि कर्नल ड्युरँड सिहोरकडे निघून गेला. त्याच रात्री महूच्या पलटणी उठल्या. कर्नल प्लॅट, मेजर हॅरिस आणि कॅप्टन फेगन हे अधिकारी मारले गेले. हंगरफर्डने तोफा घेऊन किल्ल्याचा आश्रय धरला. ड्युरँडच्या गैरहजेरीत तुकोजीराव होळकरांशी पत्रव्यवहारही त्यानेच केला. २ ऑगस्टला मुंबईकडील फौज महूस पोहोचेपर्यंत किल्ला टिकला. त्याच्या कारकिर्दीतील हा मोठा प्रसंग. परंतु महूच्या नावाची पट्टी पदकावर नाही.

आता धारकडे वळू. यशवंतराव पवार १८५७ मध्येच वारले होते व गादीवर अल्पवयी आनंदराव होते. दरबाराच्या नोकरीतील अरब, अफगाण व मकराणी शिपायांनी ऑगस्टअखेर किल्ला ताब्यात घेतला. ज्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, तोच हा किल्ला. २२ ऑक्टोबरला ब्रिगेडियर स्टुअर्टची माळवा फौज येथे आली. त्या दिवशीच्या चकमकीत मुंबईच्या २५ व्या देशी पलटणीने तीन तोफा हस्तगत केल्या. पुढे वेढा पडला, तोफांनी तटास खिंडार पाडले; पण ३१ तारखेस आत शिरणाऱ्यांना किल्ला रिकामा सापडला. आतली मंडळी रात्रीच निसटली होती.

'मध्य हिंदुस्थान' ही पट्टी जानेवारी ते जून १८५८ मधील कामगिरीसाठी होती. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर हे तिचे टप्पे. त्यामुळे स्टुअर्टचे जे लोक पुढे सर ह्यू रोज यांच्या सैन्यात झाशीकडे गेले, त्यांच्या छातीवर ती चढली. परंतु ती झाशीमुळे, धारमुळे नव्हे. धारचे नऊ-दहा दिवस त्या पट्टीच्या मुदतीबाहेरच राहिले.

धारला मात्र ते दिवस विसरता आले नाहीत. शिपायांच्या बंडाचे प्रायश्चित्त अल्पवयी राजास मिळाले आणि संस्थान जप्त झाले. त्यावर इंग्लंडातही वाद झाला. १८६० मध्ये संस्थान परत मिळाले, पण बेरसिया परगणा भोपाळकडे गेला. एवढ्यानेही वाद मिटला नाही. जॉन डिकिन्सन यांनी १८६४ साली धार परत दिलेले नाही, अशा अर्थाच्या मथळ्याचे पुस्तकच प्रसिद्ध केले.

शेजारच्या देवासची दोन्ही पवार घराणी त्या काळात इंग्रजांच्या बाजूस राहिली. पुढे सलामीच्या तोफा ठरल्या तेव्हा देवासच्या दोन्ही पात्यांस पंधरा-पंधरा आणि धारलाही पंधराच! एकेकाळी तट फोडणारा तोफखाना आता मान मोजू लागला, आणि त्या मापात जप्त झालेले व निष्ठावंत राहिलेले सारखेच ठरले.

यावरून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, पदक खोटे बोलत नाही, पण ते देणाऱ्याच्या सोयीचेच तेवढे बोलते. पदकावर काय कोरले आहे हे मुलांना सांगणे सोपे. काय कोरलेले नाही, हे विचारावयास शिकविणे हे शिक्षकाचे खरे काम होय. त्या विद्यार्थ्याने ते आम्हांस शिकविले.