अनेक हातांची पोथी

एकाच वेळी अनेक माणसांनी एकच कागद लिहावा, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना चमत्कारासारखी वाटली असती. आज ती सेनगावच्या कोणत्याही शाळेत किंवा कचेरीत घडते. वरून दुवा येतो; तो मोबाइलवर उघडावा, तर तोच तक्ता तीस-चाळीस गावांत एकदम उघडलेला असतो, आणि आपण आपला आकडा भरीत असतानाच शेजारच्या रकान्यात दुसऱ्या कुणाची अक्षरे उमटू लागतात. या सोयीने माणसामाणसांतला संवाद सुधारला की बिघडला, असा प्रश्न हल्ली पुष्कळ विचारला जातो. परंतु मिळून लिहिण्याचा उद्योग मराठीत सातशे वर्षांहून जुना आहे. त्या जुन्या उद्योगाचा हिशेब पाहिल्याखेरीज नव्याचे मोल करणे घाईचे होईल.

मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणून ज्याचा गौरव होतो तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ म्हाइंभटांच्या नावावर आहे. ते त्याचे लेखक खरे, पण आजच्या अर्थाने एकटे कर्ते नव्हेत. श्रीचक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, रिद्धपुरास स्वामींच्या लीळा मनाशी आठवीत बसत. आपण गेल्यावर या आठवणींचे काय, ही काळजी म्हाइंभटांस पडली आणि त्यांनी त्या लिहून घेण्याचा विचार मांडला, अशी परंपरा आहे. हे तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले. भटोबासांकडून ऐकले तेवढ्यावर म्हाइंभट थांबले नाहीत. ज्या ज्या माणसाने स्वामींना पाहिले होते, त्यांचे बोलणे ऐकले होते, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ते ऐकले, टिपले, आणि भटोबासांपुढे ठेवून पारखून घेतले. स्त्रियांच्या आठवणींना तेथे पुरुषांच्या आठवणींइतकाच मान होता. हे तेराव्या शतकात घडले, हे जरा थांबून लक्षात घेण्यासारखे आहे.

या ग्रंथाच्या मूळ पोथीचा घात झाला. १२९६ मध्ये देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी आली. पुढच्या काही वर्षांच्या धामधुमीत ती पोथी गेली, असे पंथात सांगतात. मग ज्यांच्या ज्यांच्या स्मरणात ती होती त्यांनी ती पुन्हा उभी केली. हिराइसा नावाची एक विलक्षण स्मरणशक्तीची बाई त्यांत होती; तिच्या नावाने एक पाठ आजही ओळखला जातो. निरनिराळ्या माणसांची आठवण निरनिराळी निघाली, हे ओघानेच आले. अशा वेळी दोन्ही आठवणी ठोकून-ठाकून एक करणे सोपे होते. तसे केले असते तर वाचायला अधिक सुबक ग्रंथ मिळाला असता. त्यांनी ते केले नाही. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, अशी नोंद त्यांनी नावानिशी ठेवली. म्हणून वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकाला विसाव्या शतकात पाठभेद समोर ठेवून काम करता आले. त्यांनी संपादिलेली प्रत १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

आणखी एक गोष्ट. केशोबासांनी संस्कृतात लिहिण्याची गोष्ट काढली तेव्हा भटोबासांनी ती मान्य केली नाही. त्याने आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, असा त्यांचा आक्षेप होता. हा प्रसंग मराठीच्या अभिमानासाठी पुष्कळदा सांगितला जातो, आणि तो सांगावाच. पण मला त्यात दुसरेही एक मर्म दिसते. जी म्हातारी तो मजकूर समजू शकते, तीच ‘असे नव्हते हो घडले’ असे म्हणू शकते. जे लिहिले ते ज्याच्याविषयी किंवा ज्याच्या नावाने लिहिले त्याला तपासता येणे, ही संवादाची पहिली अट आहे.

ही अट मोडली म्हणजे काय होते, ते पाहण्यास आपणांस फार दूर जावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निजामाच्या राज्यात कारभाराच्या भाषेत फारसीची जागा उर्दूने घेतली. आपल्या भागातील कुणब्याने आपली तक्रार मराठीत सांगावी, अर्जनवीसाने ती उर्दूत उतरवावी, आणि कुणब्याने खाली अंगठा उठवावा, असा तो व्यवहार होता. आपल्या अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे हे त्या गृहस्थाला वाचता येत नसे. अर्जनवीस प्रामाणिक असला तरी ‘पाणी भरपूर होते पण वेळेवर नव्हते’ या वाक्यातला ‘पण’ वाटेत गळून पडत नसेल, याची हमी कोण देणार? १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तेव्हा कुठे कचेरीत बोलणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची भाषा एक झाली.

आता नव्या साधनांकडे वळू. ती काल-परवाची नाहीत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याने दूरच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यासह एकाच पडद्यावरील मजकुरावर काम करून दाखविले. अडचण पुढे होती. दोघांनी एकाच ओळीत एकाच क्षणी फेरफार केला तर यंत्राने कोणाचे ऐकावे? १९८९ मध्ये एलिस आणि गिब्ज या दोघांनी त्यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. माझा शब्द ओळीच्या आरंभी घुसला, तर तुमच्या शब्दाची जागा तितकीच पुढे सरकवायची, म्हणजे दोघांचेही लेखन शाबूत राहते. २००६ पासून गूगलने अशी सामायिक कागदपत्रे घरोघर पोचविली, आणि २०२० च्या टाळेबंदीत ज्यांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते त्यांनाही ती वापरावी लागली.

ही युक्ती चतुर आहे, पण तिची मर्यादा एका साध्या उदाहरणाने कळते. ‘सभा सोमवारी आहे’ असे वाक्य कागदावर आहे. सोमवारी बाजार आहे म्हणून एक सभासद ‘सोमवारी’ खोडून ‘मंगळवारी’ लिहितो. त्याच क्षणी दुसरा, सोमवारी आपण सकाळी गावात नाही म्हणून, पुढे ‘दुपारी’ घालतो. यंत्र दोघांचाही मान राखते आणि वाक्य तयार होते: ‘सभा मंगळवारी दुपारी आहे.’ व्याकरण शुद्ध, अक्षर सुरेख; पण हे कोणीच म्हटले नव्हते! यंत्राने अक्षरे जुळविली, अभिप्राय जुळविला नाही. शिवाय समोरच्या मजकुरात मतभेदाची खूणही उरली नाही. म्हाइंभटांच्या परंपरेत येथे दोन ओळी राहिल्या असत्या आणि दोन नावे.

म्हणून जुने ते सोने, असे मी म्हणणार नाही. जुन्या सभेची खोड आपण सर्वजण जाणतो. एक बोलतो, बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता आपल्या मनातले विसरतात. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगांनी दाखविले की मंडळी एकत्र बसून कल्पना सुचवू लागली, तर तितक्याच माणसांनी एकेकटे बसून सुचविलेल्या कल्पनांपेक्षा त्या कमी भरतात. आणि याचे मोठे कारण म्हणजे बोलण्याची पाळी येईपर्यंत ताटकळणे. सर्वांना एकदम लिहिता आले तर हा अडसर बराच दूर होतो. ग्रामसभेत सासऱ्यासमोर तोंड न उघडणारी सून त्याच विषयावर लिहून मत देऊ शकेल, ही शक्यता मला लहान वाटत नाही. हिराइसेची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसांनी तर ती लहान मानूच नये.

उलट बाजूही आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या २०२० सालच्या संपर्काचा अभ्यास पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाला. सगळेच घरून काम करू लागल्यावर माणसे आपापल्या कंपूत अधिक अडकली, आणि समोरासमोरच्या तात्काळ बोलण्याची जागा निरोपांनी घेतली, असे त्यात आढळले. अवघड गोष्ट समजावून द्यायची तर चेहरा दिसावा, प्रतिप्रश्न यावा, हे आपल्या पारावरच्या मंडळींना अभ्यासाशिवाय ठाऊक आहे. तेव्हा तात्काळ बोलणे वाईट आणि सावकाश लिहिणे चांगले, अशी सरळ वाटणी करता येत नाही. बोलणे तात्काळ असावे. लिहिण्याला मात्र थोडा अवधी लागतो. गूगलने २००९ मध्ये ‘वेव्ह’ नावाचे एक साधन आणले होते. त्यात समोरचा माणूस टंकत असता अक्षरन् अक्षर दुसऱ्याला दिसे: चूक, खोडाखोड, आवरता घेतलेला राग, सगळे. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने त्याचे काम थांबविले. कारणे अनेक असतील, पण आपले अर्धवट वाक्य दुसऱ्याने वाचावे हे फारच थोड्यांना रुचते.

आपल्या शेजारच्या नर्सीचे नामदेव या बाबतीत मोठे उद्‌बोधक उदाहरण आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. तो अनेक हातांचा ग्रंथ. पण प्रत्येक पदाला राग आणि कर्ता यांची नोंद आहे, आणि नामदेवांची ६१ पदे त्यांच्याच नावाखाली आहेत. इकडे मराठी गाथ्यांत मात्र ‘नामा’ ही मुद्रा अनेकांनी वापरली, विष्णुदास नामा आणि आद्य नामदेव यांची रचना मिसळून गेली, आणि ती निवडताना विद्वानांच्या पिढ्या खपल्या. एकाच कवीची वाणी, एकीकडे नाव राखल्याने निश्चित राहिली, दुसरीकडे नाव एक झाल्याने संदिग्ध झाली.

नव्या साधनांत कर्त्याचे नाव राखण्याची सोय नाही असे नव्हे. किंबहुना म्हाइंभटांना हेवा वाटावा इतकी ती आहे. सामायिक कागदात कोणी, कोणत्या मिनिटाला, कोणता शब्द काढला, याची नोंद यंत्र आपण होऊन ठेवते. आपल्या कचेऱ्यांत तक्ता भरणारे शेकडो आहेत. ती नोंद उघडून पाहणारा क्वचित. चुकीचा आकडा जिल्ह्याला गेला म्हणजे मग ‘कोणी भरला?’ असा प्रश्न निघतो, आणि त्याचे उत्तर तोपर्यंत त्याच कागदात मुकाट बसलेले असते. भटोबासांचे काम, म्हणजे सर्वांचे ऐकून ‘हे राहू द्या, हे पुन्हा विचारा’ असे सांगण्याचे काम, कोणाकडे सोपविलेलेच नसते. दुवा सर्वांना पाठविला म्हणजे जबाबदारीही सर्वांना पाठविली, असा समज असतो.

मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातला कोणताही लेख कोणीही दुरुस्त करू शकतो, पण प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ अशी दोन पाने जोडलेली असतात. पहिल्यात प्रत्येक फेरफार करणाऱ्याच्या खुणेसह राहतो, दुसऱ्यात वाद करण्यास जागा असते. लेख वाचणाऱ्याने ही दोन्ही पाने एकदा उघडून पाहावीत. ‘अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे’ ही जुनी रीत तेथे निराळ्या वेषात भेटते, आणि भांडणेही पुष्कळ भेटतात. रिद्धपुरासही ती झाली नसतील असे मानण्याचे कारण नाही.